नेसरीची खिंड आणि ट्रॉयची वेस : मौखिक वीरकाव्याच्या दृष्टीने एक विचार

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत पोवाड्याचा विचार बहुधा दोन अंगांनी झाला आहे. इतिहासाचे अभ्यासक पोवाड्याकडे दुय्यम साधन म्हणून पाहतात आणि त्यातील तपशील कागदपत्रांशी ताडून खरेखोटे ठरवितात. साहित्याचे अभ्यासक त्याची गणना लोकवाङ्मयात करतात व त्याच्या ओबडधोबड रचनेबद्दल थोडी सहानुभूती, थोडी क्षमा दाखवून पुढे जातात. या दोन्ही दृष्टींत एक गृहीत समान आहे. ते असे की, काव्य म्हणजे लिहिलेली, एका कवीची, एकाच रूपात स्थिर झालेली रचना होय. हे गृहीत प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या बाबतीत विसाव्या शतकात मोडून पडले. ज्या होमरला पाश्चात्त्य साहित्याचा आद्य ग्रंथकार मानले जात होते, त्याची काव्ये गाणाऱ्यांच्या परंपरेतून घडली आहेत हे सिद्ध होऊ लागले आणि महाकाव्याच्या कल्पनेलाच नवे वळण मिळाले.

या नव्या दृष्टीचा उपयोग करून गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी घडलेल्या प्रसंगाच्या स्मृतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार यांच्या मरणाची कथा मराठी माणसाला ठाऊक आहे. परंतु ती कोणत्या वाङ्मयरूपातून ठाऊक आहे, आणि त्या रूपाने कथेतील काय जपले व काय गाळले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

होमरचा प्रश्न आणि गाणाऱ्यांची परंपरा

'इलियड' हे सुमारे साडेपंधरा हजार ओळींचे, तर 'ओडिसी' बारा हजारांहून अधिक ओळींचे काव्य आहे. एवढी प्रचंड रचना लेखनाच्या आधाराशिवाय कशी झाली असेल, हा प्रश्न फ्रीड्रिख आउगुस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने १७९५ मध्ये ठामपणे उपस्थित केला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे विद्वानांचे दोन तट पडले. एक तट या काव्यांमागे एकच प्रतिभा पाहत होता, तर दुसरा अनेक छोट्या गीतांची जोडणी पाहत होता.

मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधांत हा वादच निराळ्या पायावर नेला. होमरच्या काव्यात वीरांना व देवतांना लावलेली विशेषणे पुन्हा पुन्हा येतात. अखिलीस बसलेला असला तरी तो 'चपळ पायांचा' असतो आणि पहाट दरवेळी 'गुलाबी बोटांची' असते. पॅरीने दाखवून दिले की, ही विशेषणे प्रसंगाच्या अर्थासाठी निवडलेली नसून ओळीत उरलेल्या मात्रांच्या जागेत नेमकी बसणारी आहेत. एका वीरासाठी एका जागेला बहुधा एकच विशेषण असते. अशी काटेकोर व्यवस्था एकटा कवी निर्माण करू शकत नाही. श्रोत्यांसमोर गाता गाता रचना करणाऱ्या गायकांच्या अनेक पिढ्यांनी ती घडविलेली असते.

हे अनुमान पडताळून पाहण्यासाठी पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गेला. तेथे एकतारी गुस्ले या वाद्यावर वीरगीते गाणारे गायक हयात होते. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने सांगून लिहविलेले एक गीत बारा हजारांहून अधिक ओळींचे भरले. १९३५ मध्ये पॅरीचा अकाली मृत्यू झाला. त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथातून हे कार्य पूर्णत्वास नेले. लॉर्डचा मुख्य निष्कर्ष असा की, मौखिक गायक पाठांतर करीत नाही. तो प्रत्येक गायनात काव्य नव्याने रचतो. त्याच्याजवळ ठरीव शब्दसंहती असतात आणि सभा, शस्त्रे चढविणे, द्वंद्व, शोक असे ठरीव प्रसंगही असतात. 'मूळ पाठ' आणि 'पाठभेद' ही भाषा तेथे लागू पडत नाही, कारण प्रत्येक गायन हाच मूळ पाठ असतो.

पोवाड्याची मौखिकता : साम्य आणि भेद

'पवाडा' हा शब्द ज्ञानेश्वरीतही थोरवी, पराक्रम या अर्थाने येतो. पुढे तो पराक्रमाच्या गायनाचे नाव झाला. शिवकाळातील म्हणून मान्य झालेल्या मोजक्या पोवाड्यांत अगिनदासाचा अफझलखान वधावरील पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडावरील पोवाडा हे प्रमुख होत. या रचना प्रथम दीर्घकाळ गोंधळी व शाहीर यांच्या मुखी राहिल्या. हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. अॅकवर्थने १८९४ मध्ये त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी रूपांतर छापले. य. न. केळकर यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' संपादून ही परंपरा पुढे नेली. म्हणजे सतराव्या शतकातील गीत छापील कागदावर येण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात गाणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या आणि प्रत्येक पिढीने आपल्या श्रोत्यांसाठी गीत पुन्हा मांडले.

होमरच्या काव्यातील ठरीव प्रसंग पोवाड्यातही आढळतात. खर्ड्याच्या (१७९५) पोवाड्यांत सरदारांची, पथकांची व लवाजम्याची लांबलचक नामावळी येते. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीचे तिच्याशी सख्खे नाते आहे. आधुनिक वाचकाला अशा याद्या रूक्ष वाटतात. परंतु ज्या श्रोत्याच्या गावाचे वा घराण्याचे नाव त्या यादीत येते, त्याच्या दृष्टीने तोच काव्याचा उत्कर्षबिंदू असतो. डफ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने शाहीर कडवे म्हणतो, झीलकरी सूर धरून 'जी जी' ची साथ देतात आणि तेवढ्या अवधीत शाहिराला पुढील कडव्याची जुळवाजुळव करता येते. झीलकऱ्यांची साथ अशा रीतीने रचनेची गरजही भागविते.

तथापि हे साम्य मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. होमरच्या ओळीचे माप ठाम आहे. पोवाड्याची ओळ तालात बसते. पण तिची अक्षरसंख्या लवचीक असते आणि मध्येच गद्य निवेदन येते. त्यामुळे पॅरीचा मात्रांच्या जागेचा नियम पोवाड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातील अनेक शाहीर साक्षर होते व त्यांच्या रचना बाडांत उतरविल्या जात. पोवाडा बहुधा एका प्रसंगापुरता असतो, तर 'इलियड' एका प्रसंगाभोवती संपूर्ण युद्धाचे विश्व उभे करते. गद्य कथन आणि गायन यांची आलटून पालटून गुंफण करीत रात्रभर चालणारी बिरोबाची धनगरी ओवी लॉर्डच्या वर्णनाला पोवाड्यापेक्षा अधिक जवळची आहे. कोल्हापूर परिसरात ती आजही ऐकावयास मिळते. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या या परंपरेचा केलेला अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. होमरचा गायक स्वतःचे नाव सांगत नाही. जहाजांच्या यादीपूर्वी तो काव्यदेवतांना आवाहन करतो आणि कबूल करतो की, त्या सर्वत्र हजर असल्याने सर्व जाणतात, मनुष्याच्या हाती मात्र केवळ ऐकीव कीर्ती असते. पोवाड्याचा शाहीर याउलट शेवटी आपली नाममुद्रा ठेवतो. एकाच्या सत्याची हमी देवता देते, तर दुसऱ्याच्या सत्याची हमी नाव-गाव असलेला माणूस देतो. हा भेद नेसरीच्या प्रसंगाकडे वळताना ध्यानात ठेवावा लागेल.

नेसरीचा प्रसंग : तीन कथने

प्रसंगाची पार्श्वभूमी प्रसिद्ध आहे. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी विजापूरचा सरदार बहलोलखान यास कोंडीत पकडले व तो शरण येताच सोडून दिले. बहलोलखान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना कठोर शब्दांत दोष दिला आणि खानाचा पाडाव केल्याशिवाय तोंड दाखवू नये अशा आशयाची आज्ञा केली. त्यानंतर नेसरी येथे प्रतापराव पडले आणि सरनोबतीची जबाबदारी हंबीरराव मोहिते यांच्याकडे आली.

या मरणाची तीन कथने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले कथन अगदी समकालीन आहे. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये पाठविलेल्या पत्रात, दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले आणि उर्वरित फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, असे म्हटले आहे. सात हा आकडा येथून मिळतो.

दुसरे कथन कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीचे. ती घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. सभासद स्थळाचे नाव 'जेसरी' असे देतो. त्याच्या कथनात सात स्वार नाहीत. तेथे फौजेसह मोठे युद्ध होते, प्रतापराव तलवारीच्या वारांनी पडतात आणि रक्ताच्या नद्यांची ठरीव प्रतिमा येते. ही प्रतिमा सभासदाने पाहून लिहिलेली नाही. युद्ध म्हटले की ती येतेच. बखरीच्या गद्यात मौखिक वीरगायनाचे ठरीव शब्दसंच कसे मुरलेले असतात, याचा हा बोलका पुरावा होय.

तिसरे कथन विसाव्या शतकातील आहे. कुसुमाग्रजांनी या प्रसंगावर लिहिलेली कविता हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केली आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात ती १९७४ च्या 'शिवकल्याण राजा' या ध्वनिमुद्रिकेद्वारे घरोघर पोहोचली. आज नेसरीचा प्रसंग बहुसंख्य मराठी माणसांना ठाऊक आहे तो या गीतामुळे. कवितेत महाराजांचे पत्र आहे, त्या अक्षरांनी पेटलेले मन आहे आणि कलंक धुऊन काढण्याचा निर्धार आहे. पत्रातील सहा स्वार येथे सहा सरदार होतात. अरुंद खिंडीच्या जागी शत्रूची छावणी येते. आणि मदतीस न आलेली फौज येथे आश्चर्याने थक्क होऊन मागे राहिलेली फौज होते.

या शेवटच्या बदलाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. समकालीन पत्रातील वाक्यात एक अडचणीचा प्रश्न दडलेला आहे, तो म्हणजे फौज कोठे होती? सेनापती पुढे निघून गेला, की सैन्य मागे रेंगाळले? कवितेने हा प्रश्न सोडविला नाही, तो विरघळवून टाकला. भावकाव्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. एका भावनेच्या झोतात सात जीव उजळून निघावेत, ही त्या रचनेची गरज होती. परंतु ज्या समाजाच्या स्मृतीत प्रसंगाचे हे एकच रूप उरते, त्या समाजाच्या स्मृतीतून जबाबदारीचा प्रश्नही निघून जातो.

हेक्टर आणि प्रतापराव : गौरव आणि दोष

महाकाव्य हा प्रश्न कसा हाताळते, हे 'इलियड'मधील हेक्टरच्या मरणावरून समजते. अठराव्या सर्गात पॉलिडॅमस हा सहकारी हेक्टरला सल्ला देतो की, अखिलीस पुन्हा रणात उतरला आहे, तेव्हा रात्रीच सैन्य नगरात न्यावे. हेक्टर तो सल्ला धुडकावतो. दुसऱ्या दिवशी ट्रॉयच्या सैन्याचा संहार होतो. बाविसाव्या सर्गात सर्व जण तटाच्या आत शिरलेले असताना हेक्टर एकटाच वेशीबाहेर उभा राहतो. आई-वडील तटावरून विनवीत असतात. त्याला आत जाता येत नाही, कारण आपल्या हट्टापायी सैन्य बुडाले हे तो जाणतो आणि नगरजनांना तोंड दाखविण्याची लाज त्याला मरणापेक्षा जड वाटते. शेवटी दैवाने साथ सोडली हे कळल्यावर, पुढच्या पिढ्यांनी ऐकावे असे काही करूनच मरावे, असे तो ठरवितो.

प्रतापरावांच्या प्रसंगाशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे. दोन्हीकडे सेनापतीच्या हातून आधी एक चूक घडली आहे, दोन्हीकडे तोंड दाखविण्याची लाज आहे आणि दोन्हीकडे त्या लाजेतून एकाकी मरण ओढवते. फरक आहे तो वाङ्मयरूपाचा. 'इलियड'चा गायक हेक्टरवर प्रेम करतो, पण पॉलिडॅमसचा सल्ला ऐकवायला तो विसरत नाही. श्रोत्याला वीराची थोरवी आणि त्याची घोडचूक एकाच वेळी पाहावी लागते. हेक्टरच्या मरणानंतर काव्य थांबतही नाही. आईचा व पत्नीचा आक्रोश, म्हाताऱ्या बापाने शत्रूच्या तंबूत जाऊन मागितलेले प्रेत आणि अंत्यसंस्कार हे सारे सांगून मगच ते संपते. वीराच्या मरणाची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब महाकाव्य पुरा करते.

येथे दीर्घता हा केवळ आकाराचा गुण राहत नाही. मौखिक परंपरेत प्रसंगाला वाढण्यास वाव असतो, कारण वेगवेगळ्या श्रोत्यांना वेगवेगळे प्रश्न पडतात आणि गायकाला त्यांना सामोरे जावे लागते. सैनिकाच्या गावात गाताना एक बाजू वाढते, तर विधवांसमोर गाताना दुसरी. ध्वनिमुद्रित गीत मात्र सर्वत्र सारखेच वाजते.

सहा नावांचा प्रश्न

प्रतापरावांच्या सहा साथीदारांची नावे आज फलकांवर, भाषणांत आणि पुस्तकांत सांगितली जातात. नारायण शेणवीच्या पत्रात ही नावे नाहीत. सभासद बखरीत सात स्वारच नसल्याने तेथेही ती नाहीत. कुसुमाग्रजांच्या कवितेतही कोणाचे नाव येत नाही. इतिहासाच्या कसोटीवर या यादीला समकालीन आधार नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

पण समीक्षेचे काम येथे संपत नाही. ही यादी का तयार झाली? 'इलियड'मध्ये एका ओळीत येऊन त्याच ओळीत मरणाऱ्या योद्ध्यालाही नाव असते. बहुधा बापाचे नाव असते, गाव असते, कधी घरी वाट पाहणारी पत्नी असते. नाव घेतल्याशिवाय मरण गाता येत नाही, हा वीरकाव्याचा जुना दंडक आहे. निनावी सहा स्वार हे लोकमानसाला पटणारे नव्हते. त्यांना नावे देऊन परंपरेने आपले काम केले. अशा नावांना इतिहास म्हणणे जसे चूक, तसेच त्यांना केवळ थाप म्हणून हिणविणेही चूक. ज्यांची नोंद कोणत्याही दप्तराने ठेवली नाही, त्यांचे देणे फेडण्याची ती धडपड आहे. मात्र ही धडपड आणि पुरावा यांतील सीमारेषा शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर स्पष्ट आखली पाहिजे. अन्यथा श्रद्धेच्या यादीला दस्तऐवजाचे रूप येते आणि खऱ्या सहा जणांचा शोध कायमचा थांबतो.

उपलब्ध शिवकालीन पोवाड्यांत नेसरीचा पोवाडा नाही, याचाही विचार येथे करता येईल. पराभवाचा पोवाडा होत नाही असे म्हणता येत नाही, कारण पानिपतच्या (१७६१) पराभवावर पोवाडे झाले आहेत. सिंहगडावर (१६७०) तानाजी पडले, पण गड आला आणि पाहिलेले सांगणारे मावळे परतले. नेसरीच्या खिंडीतून सांगण्यासाठी कोणी परतले नाही. ज्या शाहिरीत सत्याची हमी माणूस देतो, तिला साक्षीदार लागतो. होमरच्या गायकाप्रमाणे देवतेला विचारून उणीव भरून काढण्याची सोय तिला नाही. हे अनुमान असले तरी दोन परंपरांच्या स्वभावभेदाशी ते सुसंगत आहे. फ्रान्सच्या 'रोलाँच्या गीता'शी येथे तुलना करता येते. इ. स. ७७८ मधील एका खिंडीतील पिछाडीच्या पराभवाला समकालीन वृत्तान्तात फारसे स्थान नव्हते, परंतु सुमारे तीन शतकांनंतर त्याचे महाकाव्य झाले. त्या काव्यात रोलाँ मदतीचे शिंग वेळीच फुंकत नाही आणि त्याचा मित्र ऑलिव्हिए त्याला त्याबद्दल तोंडावर दोष देतो. फौज का आली नाही, हा प्रश्न त्या काव्याच्या मध्यभागी आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पोवाड्याचे मूल्यमापन लिखित महाकाव्याच्या मापाने करणे अन्यायाचे आहे. मात्र मौखिकतेचा सिद्धान्तही त्याला यांत्रिकपणे लावता येत नाही. दुसरी, नेसरीच्या प्रसंगाची आजची लोकस्मृती मौखिक परंपरेपेक्षा एका आधुनिक भावकवितेने अधिक घडविली आहे. त्या कवितेची श्रेष्ठता वादातीत असली तरी तिने न विचारलेले प्रश्न शिल्लक आहेत. तिसरी, महाकाव्याची खरी थोरवी वीराचा गौरव आणि वीराचा दोष एकत्र पेलण्यात आहे. मराठी वीरकाव्याच्या अभ्यासाने ही कसोटी स्वीकारली पाहिजे.

स्वतः कुसुमाग्रजांची कविताही अखेरीस त्या स्थळी उरलेल्या खुणांकडे वळते आणि वाऱ्यावर अजून कोणीतरी गात असल्याचे सुचविते. लिहिणारा कवीही शेवटचा शब्द गाणाऱ्याला देतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या पट्ट्यातील जत्रांत व जागरणांत गाणारे शाहीर, गोंधळी व धनगर ओवीकार यांची गायने ध्वनिमुद्रित व्हावयास हवीत. एकाच गायकाचे एकच आख्यान दोन-तीन वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या श्रोत्यांसमोर नोंदवावे आणि त्यांतून 'शुद्ध पाठ' तयार करण्याचा मोह टाळून सर्व रूपे जपावीत. पॅरीने युगोस्लाव्हियात हेच केले, म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काव्याचे मर्म उलगडले. नेसरीच्या परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम आपल्या गावाच्या वेशीपासूनच सुरू करता येईल.